कुठं ठेवायचं?

गॅलाशील्सला उतारावर एक गिरणी उरलीय.
बारा माग, एक चहाची किटली
आणि एफी टर्नबुल, जी एकसष्टाव्या वर्षी
ट्वीडच्या चौकटी पडद्यावर आखते.
आखायचं सॉफ्टवेअर आमचं,
म्हणजे माझं आणि इनेसचं,
बेकरीच्या वरच्या खोलीतलं दोघांचं दुकान.

विंडोज, मॅक, लिनक्स, कुठंही चालतं,
हे पत्रकावर ठळक छापलं होतं.
तिन्हीकडं अगदी सारखं दिसतं, हेही.
"कुठं ठेवायचं?" विचारणारी खिडकीसुद्धा
मी माझ्या हातानं काढली होती,
चारशे बारा ओळी,
कोपरे गोल, राखाडी माझ्या पसंतीचा.
परक्या घरी जाताना
अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यावं,
यजमानाकडं काही मागू नये,
इचलकरंजीहून मी हेच शिकून आले होते.

मार्चमध्ये एफीचा फोन.
तीन तासांची चौकट गेली होती.
तिच्या मॅकवर 'ठेव' उजव्या हाताला असतं,
माझ्या खिडकीत उजव्या हाताला 'नको'.
बोट सवयीनं गेलं.
आणि 'नको' म्हटल्यावर आमचा प्रोग्राम
गुमान बंद होत होता;
तो दोष वेगळा, पण तोही माझाच.
ती रागावली नाही, तेच लागलं.
म्हणाली, "पोरी, तुझं दार उलट्या बाजूला उघडतं."

उतरून गेले. तिच्या शेजारी स्टुलावर बसले.
बाकी सगळ्या प्रोग्रामांत तिच्या डाव्या हाताला
वीस वर्षांत साठलेली नावं होती:
चालू ऑर्डरी. बहिणीचं. रंगाऱ्याकडे पाठवलेलं.
एकाचं नाव नुसतं 'मेलेले',
त्यात कुणी न घेतलेल्या चौकटी.
माझ्या खिडकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.
ती दर वेळी एफीला
डिस्कच्या वेशीवर नेऊन सोडायची
आणि म्हणायची, जा आता चालत.

त्या रात्री चारशे बारा ओळी पुसल्या.
त्या जागी एक ओळ:
ज्याचं घर, त्याची खिडकी.
इनेस म्हणाला, "हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो."
सांगत होता. ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन.
"ते इवलंसं कापड कुठं गेलं गं?"
माझ्या खिडकीत प्रत्येक नावाशेजारी
नखाएवढा तुकडा दिसायचा, विणून झाल्यासारखा.
मॅकच्या खिडकीत सगळेच पांढरे कागद.
शिस्तीचं घर ते, सगळं जागच्या जागी,
पण कापडाकडं बघायची नजर नाही.
"बघते," म्हणाले.
अजून बघतेच आहे.

परवा तिनं एक तपकिरी चौकट केली,
कडेला लालसर, मध्ये जवळजवळ काळी.
"याला नाव तू दे."
मी तिच्या कीबोर्डवरून धडपडत
'चिंच' लिहिलं.
मॅकनं ते न अडखळता ठेवून घेतलं,
जणू घरातलंच कुणी.

मग तीच फाइल मागांजवळच्या मशीनवर उघडली.
तिथं जुनी आवृत्ती, माझी खिडकी, गोल कोपरे.
वेलांटी च सोडून पलीकडं जाऊन पडलेली,
खाली एक ठिपक्यांचं वर्तुळ,
उलट्या बाजूला, त्या 'नको'सारखी.
चार वर्षांत मी माझ्या खिडकीत
माझी भाषा एकदाही लिहून पाहिली नव्हती.

एफीनं चष्मा वर केला.
"तुमच्यात हे असंच लिहितात?"
"नाही."
"मग ही खिडकी केली कुणी?"

खाली माग चालू झाले, बरं झालं.
मी किटली भरायला उठले.